तिजाई आणि चौथाई

मराठी माणूस हिशेबात कच्चा, असे आपण आपल्याविषयी मोठ्या कौतुकाने बोलत असतो. मला ते कधीच पटलेले नाही. एक आणि दोन यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत ज्या भाषेने सव्वा, दीड आणि पावणेदोन अशी तीन बिऱ्हाडे थाटून दिली, ती भाषा बोलणारी माणसे हिशेबात कच्ची असतील कशी? मंडईत जाऊन "एक पूर्णांक एक छेद दोन किलो वांगी द्या" असे कोणी म्हटले, तर भाजीवाली तराजू खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे पाहत राहील. दीड म्हणजे दीड. एकाच्या खांद्यावर बसलेला अर्धा नव्हे. त्याला स्वतःचे नाव आहे, आणि एके काळी स्वतःचा पाढाही होता.

पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी! आजोबांच्या पिढीने हे पाढे परवचेला घोकलेले असत. औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. पण साडेतीनाशी आपले नाते जुने आहे. आपले मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेदेखील साडेतीन. त्या मुहूर्तांतला अर्धा म्हणजे बहुतेकांच्या मते आपला दिवाळीचा पाडवा. (मात्र मुहूर्त अर्धा म्हणून पाडव्याची ओवाळणी अर्धीच घेतली, असे घर माझ्या पाहण्यात नाही.) लिहिण्याची पद्धतही किती सुटसुटीत होती! एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सव्वा लिहायचा तर १।, दीड १॥, पावणेदोन १॥। . जुन्या बाडांतून हे दंड पाहिले, की एखाद्या वाटेवरच्या खुणांसारखे दिसतात. दोन गावांच्या मध्ये उभे केलेले तीन दगडच जणू.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वर्तमानपत्रांतून, ओट्यांवरून, विधानसभेतून. त्या वादात माझेही एक मत होते. ते इथे नको. पण सत्तावीससाठी एवढे भांडणारे आपण, सव्वा आणि औट केव्हा हातातून निसटले याची कोणी साधी चौकशीही केली नाही, याचे मला तेव्हा नवल वाटले.

हे सगळे आठवण्याचे कारण माझा पेशा. मी शिरूरला शाळेत शिकवते. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण गावात मला बाई म्हणूनच ओळखतात, आणि तेच बरे आहे. एस.टी.च्या पाटीवर शिरूर लिहिलेले असले, तरी जुनी माणसे अजून गावाला घोडनदीच म्हणतात. नदीच्या नावाने गाव ओळखले जावे, ही मला मोठी भाग्याची गोष्ट वाटते. सहावीच्या वर्गाला मराठीबरोबर गणितही माझ्याकडेच असते. गणिताची पदवी माझ्यापाशी नाही. कदाचित त्यामुळेच मुले जिथे अडतात तिथे माझेही पाऊल हळू पडते, आणि त्यांच्यासोबत थोडा वेळ थांबायला मला संकोच वाटत नाही.

सहावीत एक धडा येतो. त्यात अपूर्णांक संख्यारेषेवर दाखवायचे असतात. वरवर पाहता यात अवघड ते काय? एक रेघ ओढायची, शून्य लिहायचा, एक लिहायचा, मधे खुणा करायच्या. पण हा धडा आला, की ज्या मुलांनी आतापर्यंत अपूर्णांकांच्या बेरजा फटाफट केल्या, तीही घोटाळ्यात पडतात. पहिल्यापहिल्यांदा मला याचे कारण कळत नसे. हळूहळू लक्षात आले, की दोष भाकरीचा आहे.

तिसरी-चौथीपासून आपण मुलांना अपूर्णांक शिकवतो तो भाकरीवर. भाकरीचे चार तुकडे केले, एक खाल्ला, किती खाल्ली? एक छेद चार. पोरे आनंदाने शिकतात, कारण भाकरी सर्वांच्या ओळखीची. पण मग अपूर्णांक म्हणजे 'तुकडा' हे मनात असे घट्ट बसते, की ती एक संख्या आहे हे पुढे सांगून पटत नाही. "पाच छेद चार कुठे दाखवशील?" असे विचारले, की मूल म्हणते, "बाई, भाकरीचे तुकडेच चार, तर पाच खाणार कसे?" बरोबरच आहे त्याचे! शिवाय नावातच खोट. अपूर्णांक! जे मुळी अपूर्ण, ते एकापलीकडे जाईलच कसे? या शब्दाने मुलांच्या मनात जो न्यूनगंड भरून ठेवला आहे, तो काढता काढता मास्तरांची हयात जाते. हेच मूल शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन सव्वा किलो साखर आणते. पाच छेद चार पिशवीत घालून घरी घेऊन येते आणि त्याचा त्याला पत्ता नसतो.

म्हणून मी भाकरी बाजूला ठेवते आणि मुलांना रस्त्यावर नेते. खराखुरा रस्ता. आमच्या गावाला आगगाडी नाही. ती पाहायची तर खाली दौंडला जावे लागते. पण पुण्याहून नगरला जाणारा मोठा रस्ता आमच्या दारातून जातो. नगरचे आता अहिल्यानगर झाले, तरी रस्त्याला अजून नगर रोडच म्हणतात. पुण्यापासून सुमारे ६७ किलोमीटरवर आम्ही. रुंदीकरणात जुने दगड पुष्कळसे गेले. मात्र आतल्या, न्हावऱ्याकडे जाणाऱ्या किंवा पाबळच्या बाजूच्या रस्त्यांच्या कडेला नीट पाहिले, तर किलोमीटरच्या दोन मोठ्या दगडांच्या मध्ये लहान लहान दगड अजून आढळतात. त्यांवर नुसते २, ४, ६, ८ असे आकडे असतात. येणारे-जाणारे कोणी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. मी मुलांना विचारते, "हे दोन कशाचे?" कोणी म्हणते दोन किलोमीटर, कोणी म्हणते रस्त्याचा नंबर, एका विद्वानाने तर "दोन नंबरचा दगड" असे उत्तर दिले होते. मग चालत जाऊन मोजायचे. दोनशे मीटर. म्हणजे किलोमीटरचे दोन छेद दहा. चारचा दगड म्हणजे चार छेद दहा. मग पाव किलोमीटर कुठे? तिथे दगड नाही! दोनच्या थोडे पुढे, चारच्या बरेच अलीकडे. मुले पावले मोजत जातात आणि एका बाभळीपाशी उभी राहून ओरडतात, "बाई, पाव इथं!" त्या क्षणी पाव हा तुकडा राहत नाही; पाव ही एक जागा होते. सायकलवरून जाता येईल अशी.

आणि रस्ता एकाशी थांबत नाही, ही त्यातली मोठी सोय. पुढचा मोठा दगड ओलांडून आणखी पाव चाललात की सव्वा. तिथे कोणालाही भाकरी आठवत नाही.

संख्येला रस्ता मानण्याची ही युक्ती माझी नव्हे. इंग्लंडात जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६८५ साली छापलेल्या बीजगणिताच्या ग्रंथात एक चालणारा माणूस घेतला आहे. तो पाच वार पुढे जातो आणि आठ वार मागे येतो; मग निघाला तिथून तो किती पुढे आहे? शून्याच्या मागे तीन वार. शून्यापेक्षा कमी संख्या म्हणजे काय, हे पटवायला त्या विद्वानाला माणूस चालवावा लागला. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त भिन्नांचे गणित सविस्तर मांडले. त्या काळी वर अंश आणि खाली छेद एवढेच लिहीत. मधली आडवी रेघ पुढे अरबांकडून आली. पण भास्कराचार्यांच्या भिन्नांना चालायला वाट नव्हती. ती उभ्या उभ्याच वाटणी करीत राहिली.

वर्गात परतल्यावर मात्र खरी परीक्षा. "रेघेचे चार समान भाग करा," असे सांगितले, की निम्मी मुले शून्य आणि एक यांच्या मध्ये चार खुणा करतात. मोजून चार. आणि भाग होतात पाच. त्यांना पाच दिसत नाहीत, कारण ती खुणा मोजतात, मधले अंतर मोजत नाहीत. यावर मी दिवाळीचा उपाय करते. कठड्यावर पाच पणत्या मांडायच्या आणि विचारायचे, पणतीपासून पणतीपर्यंत उड्या किती? चार. मग पाच पणत्यांत चार उड्या, हे त्यांना नवल वाटते. रांगोळीचे ठिपके काढणाऱ्या मुलींना हे आधीच ठाऊक असते. फक्त ते गणित आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. शून्याचे दुखणे आणखी निराळे. पुष्कळ मुले रेघ एकापासूनच सुरू करतात, कारण मोजायला आपण एकापासून सुरुवात करतो. "शून्य कुठे धरलास?" हे माझे वर्गातले पालुपद झाले आहे. पुण्याला जनरल पोस्टापाशी शून्य मैलाचा दगड आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगते. शून्यालासुद्धा दगड लागतो! शून्य कुठे धरला हे ठरल्याखेरीज पुढच्या कोणाचीच जागा ठरत नाही.

अर्धा आणि पाव करणे सोपे. कागदाची पट्टी दुमडली की अर्धा, पुन्हा दुमडली की पाव. आकाशकंदील करणाऱ्या पोरांना ते शिकवावे लागत नाही. खरा त्रास देते ती तिजाई. तीन सारखे भाग घडी घालून नीट येत नाहीत. एक भाग नेहमी कुठे तरी लबाडी करतो. यावर एक सोपी युक्ती आहे, ती वाचकांना इथेच सांगून टाकते, घरी मुलांना दाखवायला उपयोगी पडेल. एकरेघी वही घ्या. पट्टी तिच्यावर तिरपी ठेवा. एक टोक एका रेघेवर, दुसरे टोक तिच्याखालच्या तिसऱ्या रेघेवर. मधल्या दोन रेघा पट्टीला जिथे कापतील तिथे खुणा करा. तिजाया तयार! पट्टी लांब असो वा आखूड, चालते. ती जास्त तिरपी किंवा कमी तिरपी करायची एवढेच. पाच भाग हवेत तर पाचव्या रेघेपर्यंत, सात हवेत तर सातव्या. हे का होते, ते मुलांना दहावीत समांतर रेषा आणि छेदिका शिकताना कळेल. सहावीत नुसते होते, एवढेच पुरे. माझ्या वर्गातला एक मुलगा, एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारा, या युक्तीने असा पछाडला की त्याने घरातल्या एकूण एक वस्तूंचे सात भाग पाडले.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या वर्षीची आहे. दिवाळीची सुट्टी आठवड्यावर आलेली. वर्गात कोण मोठा आणि कोण लहान हा खेळ चालला होता. मी दोन अपूर्णांक सांगायचे आणि मुलांनी मोठा कोणता ते ओरडायचे. एक छेद तीन आणि एक छेद चार आले, तसा निम्म्या वर्गाने एका सुरात गजर केला, "एक छेद चार!" हे दरवर्षीचेच. तिनापेक्षा चार मोठे, मग त्याचा अपूर्णांकही मोठा. यात मुलांचे चुकते असे मी फारसे म्हणत नाही. आयुष्यात पहिली पाच वर्षे त्यांना जे पढवले त्याच्याशी ती इमान राखत असतात. "उद्या पट्टीवर पाहू," म्हणून मी तास संपवला.

मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्यापाशी आली. शांत मुलगी. घर मळ्यात, शाळेत चालत येते. ती म्हणाली, "बाई, एक विचारू? आमच्या आजोबांची जमीन आहे. बाबा आणि दोन चुलते. वाटे तीन करायचे चाललेत. आई म्हणते, आत्यालापण धरायला पाहिजे. बाबा म्हणतात, नको. पण आत्याला धरलं तर चार होतील ना? मग चार मोठे, तर आमचा वाटापण मोठाच होईल की. मग बाबा नको का म्हणतात?"

मी हातातली डब्याची पोळी तशीच ठेवली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जमीन आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. आजी-आजोबा गेले, वारसाच्या नोंदी व्हायच्या आहेत. (तलाठ्यांचे सरकारी नाव २०२४ साली बदलले, तरी गाव अजून तलाठीच म्हणते.) बहीण भाऊबिजेला येते, ओवाळते, तिच्या ताटात साडी-चोळी पडते, आणि कोणीतरी हळूच एक कागद पुढे सरकवते. हक्कसोडपत्र. बहुतेक बहिणी सही करतात. माहेर तुटायला नको, भावाच्या दारात पाणी तरी मिळावे, एवढ्यावर. कायदा काय म्हणतो ते त्यांना कधीकधी ठाऊकही असते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीला आणून ठेवले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्माने येतो असे स्पष्ट सांगितले. पण कायद्याचे पुस्तक आणि भाऊबिजेचे ताट यांच्यामधले अंतर मोजायला कोणती पट्टी आहे?

माझ्यापुढे उभी होती ती अकरा वर्षांची पोर. तिच्या हिशेबाने आत्याला धरण्यात सर्वांचेच भले होते. आत्यालाही मिळेल आणि आमचेही वाढेल! असे जग मलाही आवडले असते. आणि उद्याच्या तासाला मी तिला शिकवणार होते, की असे होत नाही. गणित शिकल्यामुळे एखादे मूल आत्याच्या विरुद्ध जाईल, ही भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. कादंबरीत मी अशा वेळी एखादे पात्र मध्ये आणून वेळ मारून नेली असती. वर्गात तशी सोय नसते. मी एवढेच म्हटले, "उद्या चोवीस सेंटिमीटरची पट्टी कापून आण."

दुसऱ्या दिवशी तिने पट्टी आणली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची, अगदी सरळ कापलेली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला एक. मी तिला आधी घडी घालून चार भाग करायला लावले, मग एकरेघी वहीवर तिरपी धरून तीन. शून्यापासून पहिली खूण पावाची, सहा सेंटिमीटरवर. तिजाईची पहिली खूण आठवर. आठ पुढे, सहा मागे. एक छेद चार शून्याच्या जवळ होता.

ती खूप वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आत्याला धरलं तर आमचं कमी होतं."

"होय."

"म्हणून बाबा नको म्हणतात."

यावर मी काही बोलले नाही. वाटणी करून देणे हे गणिताच्या शिक्षकाचे काम नव्हे, आणि कोणाच्या घरच्या भिंतीआडचे बोलणे वर्गात आणणे मला कधीच रुचलेले नाही. पण पट्टी अजून पुरती वाचून झाली नव्हती, एवढे मला दिसत होते. मी विचारले, "दोन खुणांच्या मधलं अंतर केवढं?"

तिने फूटपट्टी लावली. "दोन सेंटिमीटर." आणि मग, थोड्या आश्चर्याने, "एवढंच?"

"ते दोन सेंटिमीटर म्हणजे सबंध पट्टीचा कितवा भाग?"

तिने बोटाने उड्या मारल्या. पणत्यांच्या उड्या. "बारावा. एक छेद बारा."

"असे एकेक बारांश किती जणांचे कमी झाले?"

"तिघांचे." तिचे बोट थांबले. तिने दोन सेंटिमीटरच्या तीन उड्या शून्यापासून मारून पाहिल्या, आणि ती बरोबर सहावर, पावाच्या खुणेवर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मुले उत्तर आले म्हणून हसतात तसे ते हसणे नव्हते. तिला कोणीतरी ओळखीचे माणूस वाटेत भेटले होते. "बाई, ही आत्या!" ती म्हणाली.

अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आले. एक छेद तीन वजा एक छेद चार बरोबर एक छेद बारा. छेद सारखे करा, अंश वजा करा. एक छेद बारा तीन वेळा घेतला की एक छेद चार. तीच दोन वाक्ये. पण तीन भावांनी प्रत्येकी एवढेसे मागे सरावे आणि त्यातून चौथ्याला सबंध जागा व्हावी, असा त्याचा अर्थ मी त्या पोरीच्या बोटाकडे पाहताना वाचला. भाकरीवर तो दिसला नसता. भाकरीचे तीन तुकडे एकदा केले, की त्यांचे चार करायला जमत नाही. पुन्हा थापावी लागते.

आपल्या इतिहासात या चौथाईने केवढी राजकारणे केली! १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. दिल्लीच्या बादशहाकडून चौथाई वसूल करणारे आपण; घरातल्या लेकीची चौथाई मात्र साडी-चोळीत फिटते. असो. हा विषय माझ्या लेखणीला लगेच धार लावतो, आणि दिवाळीत तेवढी धार बरी नव्हे.

सुट्टी लागली. फराळ झाला, फटाके झाले, घोडनदीच्या काठी पहाटेचा गारठा उतरू लागला. मी एका रखडलेल्या कादंबरीची चार प्रकरणे लिहिली, त्यांतली तीन फाडली. पण मधूनमधून ती पट्टी डोळ्यांपुढे येई. भाऊबिजेच्या दिवशी तर जास्तच.

शाळा उघडल्यावर मी तिला आपण होऊन काही विचारले नाही. दोनेक दिवसांनी तीच आली. पट्टी तिच्या वहीत होती; कडा मऊ पडल्या होत्या, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग, बहुधा चकलीचा. तिने जे सांगितले ते तिच्याच क्रमाने सांगते. भाऊबिजेला आत्या आली होती. जेवणे झाल्यावर बाबा, चुलते पडवीत बसले, कागद निघाला. ही पट्टी घेऊन गेली आणि "मी बाईंनी शिकवलेलं दाखवू का?" म्हणाली. मोठे चुलते हसले. लहान चुलत्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. बाबांनी विचारले, "हे दोन सेंटिमीटर म्हणजे किती गुंठे?"

जमीन सहा एकर. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे २४० गुंठे. पट्टी २४ सेंटिमीटरची. हा योग मी जुळवून आणलेला नव्हता. २४ घेतले ते तीन आणि चार दोहोंनी भाग जावा म्हणून. पण तिला ते तिथल्या तिथे दिसले. एक सेंटिमीटर म्हणजे दहा गुंठे. "वीस गुंठे," ती म्हणाली. "तुमचे तिघांचे दोन दोन एकर आहेत ना, त्यातले वीस वीस गुंठे. अर्धा अर्धा एकर."

मग बराच वेळ कोणी बोलले नाही. अर्धा एकर म्हणजे कांद्याचा एक चांगला तुकडा. पट्टीवर बोटभर दिसते ते मातीत केवढे असते, हे तिथे बसलेल्या तिघांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. मी ते हलके करून सांगत नाही. विहिरीच्या बाजूचा अर्धा एकर कोण सोडणार, असे मोठे चुलते म्हणालेही. आत्या मान खाली घालून सुपारी कातरत होती.

"आणि आत्याचे?" बाबांनी विचारले.

"साठ गुंठे."

"म्हणजे दीड एकर," बाबा म्हणाले.

"मग?" मी तिला विचारले. राहवले नाही.

"मग काही नाही. आत्यानं कागद पाहिला, पण बाबाच म्हणाले राहू दे आज. त्या दिवशी सही नाही झाली." ती थोडी घुटमळली. "मोजणीचा अर्ज केलाय बाई. मोजणीवाले येणारेत. आधी सगळी जमीन मोजायची, मग बघू म्हणाले. पूर्वी साखळी आणायचे ना? तेहतीस फुटांची?"

मी म्हटले, होय. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. आता यंत्रे आली.

"यंत्र असू दे," ती म्हणाली. "मी त्या दिवशी शाळेला येणार नाही. मला बघायचंय, ते शून्य कुठं धरतात."